सुपारी न फुटलेला करार

खोली बघायला गेले त्या दिवशी बाईंनी मला भाडं सांगितलं नाही, डिपॉझिट सांगितलं नाही. आधी पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली, मधोमध तबक ठेवलं आणि तबकात एक अख्खी सुपारी आणि अडकित्ता. मग ओट्यावर जाऊन शेजारच्या गाद्या-सोफ्याच्या दुकानाकडं तोंड करून हाक मारली, "हबीबभाई, या हो! बैठक आहे!" मला वाटलं, मी चुकून कुणाच्या तरी सोयरिकीच्या दिवशी टपकले. चप्पल पायात घालायला लागले तर म्हणाल्या, "बस की. तुझीच बैठक आहे."

आपल्याकडं लग्नाच्या याद्या करताना दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसतात, काय द्यायचं-घ्यायचं ते मोठ्यानं बोलतात, आणि सगळ्यांच्या देखत सुपारी फुटली की शब्द पक्का होतो. बाईंनी ही पद्धत लग्नातून उचलून आयुष्यभर पसरली होती. खोली भाड्यानं द्यायची असो, टाकी धुवायला माणूस लावायचा असो, दुधाचा रतीब असो, सतरंजी, सुपारी आणि पंच म्हणून हबीबभाई. ते बिचारे गादी शिवायची दाभणासारखी सुई खिशाला टोचून यायचे आणि मांडी घालून बसायचे. मला म्हणाले, "बैठो बेटा. डरने का कुछ नै. बाई काटते नै किसी को."

बाईंनी अटी वाचून दाखवल्या. स्वतः वाचायच्या आणि प्रत्येक अटीनंतर थांबून विचारायच्या, "तुझं काय म्हणणं?" गच्चीवर पापड वाळत असताना फोनवर बोलत येरझाऱ्या घालायच्या नाहीत. गेटची कडी आपटायची नाही. शेवटची अट होती, दर रविवारी सकाळी घरमालकिणीबरोबर कॅरमचा एक डाव खेळणं भाडेकरूवर बंधनकारक राहील. सगळं वाचून झाल्यावर पेन माझ्या हातात दिलं. "आता एक अट माझी कापायची आणि एक तुझी घालायची. एक तरी कापावीच लागती. नायतर तो करार नाय, तो हुकूम झाला."

मी कॅरमची कापली. त्यांचा चेहरा उतरला ते मला दिसलं. आणि माझी अट मी घातली, की माझं लग्न का झालं नाही हे मला कुणी विचारायचं नाही. बाईंनी हबीबभाईंकडं बघितलं, हबीबभाईंनी मान हलवली, आणि बाईंनी सुपारी फोडली. तिघांनी एकेक खांड तोंडात टाकलं. त्या घरात मी इतकी वर्षं काढली, अख्ख्या पुंडलिकनगरनं मला तो प्रश्न विचारून घेतला, दळण घेऊन गेलं की गिरणीवाला विचारायचा, पण बाईंनी एकदाही विचारला नाही. तापात बडबडतानाही नाही. कॅरम मात्र मी पहिल्याच रविवारपासून खेळत होते. कापलेली अट पाळायला मला आवडत होतं.

बाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. नवरा गेल्यावर गळ्यातलं काढलं, शिट्टी तेवढी राहिली. निवृत्त होऊनही ती काळी शिट्टी गळ्यात असायची आणि सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. गल्लीत कुणी उलट्या बाजूनं गाडी घातली की शिट्टी वाजायची आणि चांगले मिशीवाले गडी गाडी वळवायचे. कॅरममध्ये त्यांनी जिल्ह्यात नाव काढलं होतं, निदान त्या तसं सांगायच्या. राणी घेतल्याशिवाय त्या डाव संपवायच्या नाहीत, हरत असल्या तरी.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "समोरचा कुठाय?" कुणीही कसलाही कागद पुढं सरकवून "इथं सही करा" म्हणालं की बाई आधी आजूबाजूला बघायच्या आणि विचारायच्या, "समोरचा कुठाय? ज्याच्याशी करार करायचा तो माणूस आणा." मी विम्याच्या ऑफिसात कामाला. दिवसभर तोंडात "इथं, इथं आणि इथं." बाई मला चिडवायच्या, "किती जणांना इथं-इथं केलंस आज? एकानं तरी वाचलं का गं?" एकानंही वाचलेलं नसायचं. मी चहा टाकायला उठायचे.

एकदा आम्ही कापडाच्या मोठ्या दुकानात गेलो होतो. बिल करणारा पोरगेला माणूस मान वर न करता म्हणाला, "मोबाइल नंबर?" बाई म्हणाल्या, "तुझा सांग आधी." तो गडबडला. "आमाला लागतो मॅडम, सिस्टिममध्ये." "मलापण लागतो. तू तुझा दे, मी माझा देते. बरोबरीचं झालं पायजे." मागं रांग खोळंबली. लोक च्यक-च्यक करायला लागले. शेवटी त्यानं नंबर दिला, बाईंनी फोनमध्ये टिपून घेतला, मगच स्वतःचा सांगितला. दुकानातून त्यांना वर्षभर सेलचे मेसेज आले. बाईंनी दिवाळीला त्याला फोन करून शुभेच्छा दिल्या, संक्रांतीला "तिळगूळ घ्या" म्हणाल्या, आणि उन्हाळ्यात विचारलं, "आंबे आलेत आमच्याकडं, सेल लावलाय, येतोस का?" पुढच्या वेळी दुकानात गेलो तर त्यानं नंबर विचारला नाही.

अशा बाईंना एका खेळानं फसवलं, याचा मला आजही संताप येतो.

त्याचं असं झालं. बाईंच्या उजव्या हाताची बोटं सांध्यांत सुजायला लागली. स्ट्रायकर मारला की कळ डोक्यात जायची. दाखवायच्या नाहीत, पण मला दिसायचं. मग पुण्याच्या भाच्यानं आपला जुना कॉम्प्युटर पाठवून दिला. त्यात कॅरमचा खेळ होता. माउस नुसता सरकवायचा आणि सोडायचा, बोटाला त्रास नाही. जगभरातले लोक समोर खेळायला. बाई लहान पोरीसारख्या हरखल्या. त्या खेळानं सुरुवातीलाच एक लांबलचक मजकूर दाखवला, खाली चौकोन, "मला मान्य आहे." मग विचारलं, फोन जोडू का? फोनमधल्या ओळखीच्यांना बघू का? तुम्ही कुठं आहात ते बघू का? बाईंनी होय, होय, होय करत बटणं दाबली.

मी शेजारीच उभी होते. म्हणाले, "बाई, समोरचा कुठाय?"

"अगं, खेळाय हा," बाई म्हणाल्या. "मैदानावर कुणी याद्या करतं का? शिट्टी वाजली की सुरू. खेळात जो ठकवील तो खेळाडूच नाय."

त्यांचा तसा विश्वासच होता. व्यवहारात माणसाला दहादा तपासणाऱ्या बाई खेळात मात्र हात मोकळा सोडून जायच्या. तीस-पस्तीस वर्षं पोरींना खो-खो शिकवणाऱ्या बाईला दुसरं काय वाटणार? आणि हेच त्या कंपन्यांना नेमकं ठाऊक असतं. बँकेत माणूस सावध असतो, कोर्टात सावध असतो. खेळायला बसला की तो सैल होतो, हसत असतो, कधी एकदा सुरू होतंय असं त्याला झालेलं असतं. तिथं यांनी आपला तो चाळीस पानी कागद नेऊन ठेवला आहे. लाज वाटली पाहिजे.

त्या वेळी वरच्या खोलीत मनीषा राहायची. बिडकीनकडच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची, सकाळी कंपनीच्या बसनं, संध्याकाळी परत. नवऱ्याच्या घरातून पळून आली होती. तिच्या बैठकीला मीही होते. बाईंनी अटी वाचल्या, तिनं कॅरमची कापली. सगळेच तीच कापायचे. मग बाई म्हणाल्या, "आता तुझी घाल." मनीषानं पदर सारून मानेवरचा डाग दाखवला. भाजल्याचा होता.

"मी इथं हाय हे कुनाला कळू देऊ नका, बाई. माजा नंबर कुनाला देऊ नका. मायला ठाव हाय अन् आता तुमाला. येवडीच अट."

हबीबभाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बाईंनी विचारलं, "त्याचा नंबर सांग. फोन आला तर कळाया पायजे." मनीषानं सांगितला, बाईंनी फोनमध्ये घातला, आणि सुपारी फोडली. फोडताना हात दुखला असणार, पण अडकित्ता त्यांनी आमच्याकडं दिला नाही.

बाई फोनमध्ये नावं कशी टाकायच्या ते इथं सांगायला हवं. आडनावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. म्हणून माणूस जसा ठाऊक तसं नाव. हबीबभाई गादी. मी होते, कॅरमला नाही म्हणणारी. दूधवाला होता, दूधवाला पाणी घालतो. मनीषा म्हणजे मनीषा वरची खोली. आणि तिचा नवरा म्हणजे मनीषाचा नवरा उचलायचा नाही.

खेळ सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील. एका सकाळी दूधवाला किटली न घेताच आला. हातात फोन, तोंड लाल. "बाई, वाचा हे काय लिवलंय!" बाईंना चष्म्याशिवाय दिसेना म्हणून मी वाचलं. "नमस्कार, दूधवाला पाणी घालतो! तुमची मैत्रीण पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर इथून कॅरम खेळत आहे आणि तुम्हाला बोलावत आहे." खाली बाईंचं पूर्ण नाव आणि फोटो. त्याखाली, "तिनं यांनाही बोलावलं आहे," आणि मग ओळीनं सगळी नावं, जशी फोनमध्ये होती तशी.

"मी पानी घालतो व्हय? वीस वर्सं दूध घालायलोय तुमच्याकडं!"

"घालतोस की," बाई म्हणाल्या. "पण मी कुणाला सांगितलं नव्हतं."

आम्ही हसलो. हबीबभाई तर ओट्यावर बसून हसले, डोळे पुसत म्हणाले, "बाई, ये तो सुपारी फोडे बगैर बारात निकल गई." दूधवाल्यालाही शेवटी हसू आलं, चहा पिऊन गेला. तोच मेसेज माझ्याही फोनवर आला होता; बाईंनी चष्मा लावून तो हातात घेतला आणि त्या नावांच्या यादीवर त्यांची नजर गेली तेव्हा त्यांचं हसणं थांबलं. त्यांनी बोट ठेवून एकेक नाव वाचलं. मनीषा वरची खोली. त्याच्याखाली मनीषाचा नवरा उचलायचा नाही.

"हे त्यालाबी गेलं असंल का गं?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांना गेलं होतं. खेळाला काय कळणार, की एखादा नंबर माणूस जपून ठेवतो तो बोलण्यासाठी नाही, टाळण्यासाठी ठेवतो? त्याच्या लेखी फोनमधला प्रत्येक जण मित्र. ज्याच्या भीतीनं एक बाई रात्रीची एस्टी पकडून पळाली, त्यालाही "या, खेळा."

बाईंनी त्याच सकाळी मनीषाला सांगितलं. लपवलं नाही. मनीषा कामाला गेली, दुसऱ्या दिवशीही गेली. जाणार कुठं? रविवारी दुपारी तो आला. बरोबर एक जाडसा माणूस होता. नवऱ्याचा शर्ट इस्त्रीचा, बोलणं मऊ. गेटची कडी त्यानं आपटली नाही, हळूच काढली.

"मनीषा वरच्या खोलीत राहती ना?" त्यानं विचारलं.

बाईंचे शब्द होते ते. बाईंनी स्वतः फोनमध्ये घातलेले. त्या ओट्यावर उभ्या होत्या, आणि मी बघितलं, त्यांनी कठड्याला धरलं. पण पुढच्याच क्षणाला शिट्टी तोंडात गेली. इतक्या जोरात मी ती कधी ऐकली नव्हती. गल्लीतली दारं उघडली, हबीबभाई सुई हातात घेऊनच पळत आले, समोरचा गॅरेजवाला पाना घेऊन आला. बाई थांबेचनात. तो दोन पावलं मागं सरला. मग तसाच शांत आवाजात म्हणाला, "बघितलं की आता घर. कुटं जानार हाय ती."

वर खिडकीचा पडदा हलला. मनीषानं ऐकलं होतं.

आम्ही पोलीस चौकीत गेलो. तिथल्या साहेबानं ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि बाईंना विचारलं, "पण आजी, बटण तुम्हीच दाबलं ना?" नवऱ्याला समज देऊ म्हणाला. खेळाचं काय करायचं हे त्याला कळेना, आणि खरं सांगायचं तर कुणालाच कळेना. मी ऑफिसात पैसे बुडवलेल्या, खोट्या सह्या केलेल्या माणसांच्या तक्रारी बघते. त्यांचा गुन्हा दाखवता येतो. इथं गुन्हा तर होता, एक बाई उघड्यावर आली होती, आणि गुन्हेगार म्हणून बोट दाखवायला समोर कुणी नव्हतं. होती ती आमची बाई, तिनं बटण दाबलं होतं.

मनीषा दुसऱ्या दिवशी गेली. कारखाना सोडला, खोली सोडली. पत्र्याची पेटी हबीबभाईंनी रिक्षात ठेवली. ती बाईंच्या पाया पडायला वाकली तर बाईंनी तिला धरून उभं केलं.

"मी शब्द मोडला गं तुझा."

"तुमी नाय मोडला, बाई."

"माझ्याच फोनातून गेला ना. मग मीच मोडला." मग म्हणाल्या, "नवा नंबर घेशील तो मला सांगू नकोस. नाय म्हणजे नाय." मनीषा रडत रिक्षात बसली. रिक्षा वळेपर्यंत बाई उभ्या होत्या, आणि मग आत येऊन त्यांनी सतरंजी अंथरली.

"बैठक घ्यायची," म्हणाल्या. "त्या खेळवाल्याची."

मला वाटलं, त्यांचं डोकं फिरलं. पण त्यांनी तबक मांडलं, सुपारी ठेवली, हबीबभाईंना बोलावलं, आणि समोरच्या बाजूची जागा मोकळी सोडली. कॉम्प्युटर खुर्चीवर आणून ठेवला, वायर ताणून. "वाच," मला म्हणाल्या, "सगळं. पहिल्यापासून. एक अक्षर सोडू नकोस."

मी वाचायला लागले. ते मराठी म्हणजे नुसतं मराठीच्या अक्षरांत होतं, कुणीतरी यंत्रानं दळून काढलेलं. दर कलमानंतर बाई त्या मोकळ्या जागेकडं बघून विचारायच्या, "तुझं काय म्हणणं?" आणि उत्तराची वाट बघायच्या. खरंच बघायच्या. हबीबभाई खाली मान घालून बसले होते.

हा खेळ तुम्हाला विकलेला नाही, फक्त वापरायची परवानगी दिली आहे आणि ती आम्ही कधीही काढून घेऊ शकतो, असं एका ठिकाणी होतं. बाई म्हणाल्या, "म्हणजे मी ह्याची भाडेकरू. बरं. भाडेकरूच्या खोलीत शिरून तिच्याकडं येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं गावभर लावायची, असा मालक असतो व्हय? मी असं केलं असतं तर लोकांनी दगडं मारली असती मला." पुढं होतं, अटी आम्ही न कळवता बदलू शकतो, आणि तुम्ही खेळत राहिलात म्हणजे बदल तुम्हाला मान्य आहेत. हबीबभाई पहिल्यांदा बोलले, "ये क्या बैठक है बाई, ये तो जबरदस्ती है."

आणि मग ते कलम आलं. तुमच्या फोनमधल्या सर्व व्यक्तींची माहिती आम्हाला देण्यासाठी त्या व्यक्तींची संमती तुम्ही घेतलेली आहे, असं तुम्ही याद्वारे जाहीर करत आहात.

बाईंनी ते परत वाचायला लावलं.

"मी असं कधी म्हणलं?" त्यांचा आवाज चिरका झाला. "मी माझ्यापुरतं होय म्हणले असेन, म्हातारी बावळट म्हणा. पण मनीषानं कुठं होय म्हणलं? हबीबभाई, तुमी म्हणला होता? दूधवाला म्हणला होता? माझ्या तोंडी ह्यानं खोटं घातलंय. तिची संमती घेतली असं मी म्हणले, असं लिवून ठेवलंय ह्यानं. मी तर तिला उलटा शब्द दिला होता. ह्या इथं बसून."

मग बाईंनी पेन मागितलं. पण कापायला कागद नव्हता. काचेवर कुठं काट मारणार? त्यांनी तबकातली सुपारी उचलली आणि तशीच अख्खी डब्यात टाकून दिली. "हा करार झालेला नाय," म्हणाल्या, "पंच, ध्यानात ठेवा." हबीबभाईंनी छातीवर हात ठेवला.

मी कंपनीला लिहिलं. दोनदा लिहिलं, मग रागानं तिसऱ्यांदा. दर वेळी तेच उत्तर आलं, तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, तथापि आपण अमुक कलमाशी सहमती दर्शवली होती. खाली एका मुलीचं नाव असायचं. तशी मुलगी नसणारच. असती तर बाईंनी तिचा नंबर मागून घेतला असता.

त्यानंतर बाईंनी जे केलं ते सगळ्या गल्लीला वेडेपणाचं वाटलं. फोनमधलं एकेक नाव घेऊन त्या त्या माणसाकडं चालत गेल्या. दूधवाल्याकडं, गिरणीवाल्याकडं, त्या कापडाच्या दुकानातल्या माणसाकडंही. दारात उभ्या राहून म्हणायच्या, "तुझा नंबर मी तुला न विचारता एकाला दिला. चुकलं माझं." लोक हसायचे. "त्यात काय बाई, आमचा नंबर साऱ्या जगाकडं आहे!" बाईंना त्याचा जास्तच राग यायचा. घरी येऊन म्हणायच्या, "कुणाला काय वाटतच नाय गं. सगळ्यांनी मानच टाकलीय." माफी मागून झाली की तो नंबर त्या तिथंच पाठ करायच्या आणि फोनमधून काढून टाकायच्या. शेवटी फोन पार मोकळा झाला.

मग सकाळच्या फेऱ्या सुरू झाल्या. मैदानाला कॅनव्हासच्या बुटांनी चकरा मारत बाई नंबर म्हणायच्या, पोरं पाढे म्हणतात त्या चालीवर, मोठ्यानं. प्रत्येक नंबराच्या शेवटी नाव. हबीबभाई, गिरणी, पुण्याचा भाचा, मी. फिरायला येणारे लोक थांबून बघायचे. मी कधीमधी बरोबर जायचे. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर मात्र त्या गप्प व्हायच्या. एक नंबर म्हणायला लागतो तेवढा वेळ नुसते ओठ हलायचे, आणि वळण संपलं की पुन्हा आवाज चालू. मी कधी विचारलं नाही. माझी अट त्यांनी पाळली होती.

कॉम्प्युटर त्यांनी भाच्याला परत पाठवून दिला. लाकडी बोर्ड पुन्हा काढला, पावडर टाकली, आणि सुजल्या बोटांनी खेळायला लागल्या. कळ आली की "आई गं" म्हणायच्या आणि पुढचा नेम धरायच्या.

बाई गेल्या त्या साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं, दोन दिवस बऱ्या वाटल्या, मग नाही. भाचा आला, सगळं केलं, आणि जाताना बाईंचा फोन माझ्याकडं ठेवला, कुणाकुणाचे फोन येतील म्हणून. मोकळा फोन. कुणाला कळवायचं म्हटलं तर एक नंबर नाही त्यात. हबीबभाई आणि मी आठवून आठवून लोकांना कळवत होतो. मनीषाला कळवायला काहीच नव्हतं. तो नंबर असलाच तर बाईंच्या डोक्यात होता, आणि तो बाईंबरोबर गेला.

बाईंचे दिवस झाले आणि माझ्या फोनवर मेसेज आला. "नमस्कार, कॅरमला नाही म्हणणारी! तुमची मैत्रीण तुमची वाट बघत आहे. या, खेळा." वर बाईंचा फोटो, शिट्टीसकट. मी लगेच कंपनीला कळवलं, बाई गेल्या, खातं बंद करा. उत्तर आलं, खातं हस्तांतरित करता येत नाही, वारसांचा त्यावर हक्क नाही, बंद करायचं असल्यास खातेदारानं स्वतः विनंती करावी. मेलेल्या माणसानं विनंती करायची! म्हणजे हा मेसेज माझ्यासारखाच सगळ्यांना जात असणार. दूधवाल्याला. मनीषाच्या नवऱ्यालाही. बाईंचं नाव, बाईंचं तोंड, आणि खाली अजून, "मनीषा वरची खोली." मी त्या दिवशी ऑफिसात कुणालाही "इथं सही करा" म्हणाले नाही. वाचा, म्हणाले, बसा आणि वाचा. साहेब ओरडले. ओरडू देत.

रविवारी सकाळी बाईंचा फोन वाजला. नाव नाही, नुसता नंबर. मी उचलला. पलीकडून हळू आवाजात, "बाई, दोन रविवार फोन लागला न्हाय. आजबी फिरायला गेला न्हाय का?"

मी ओळखलं. मी तिला सांगितलं. मागं कुठंतरी शिलाई मशीन चालल्याचा आवाज येत होता. मग ती रडली, मीही रडले. दर रविवारी बाईंच्या फेरीच्या वेळी फोन करायची, म्हणाली. बाई कधी विचारायच्या नाहीत कुठं आहेस, फक्त विचारायच्या, जेवलीस का.

फोन ठेवायच्या आधी मी सवयीनं म्हणाले, "मनीषा, हा नंबर माझ्या फोनमध्ये ठेवू का गं?"

ती म्हणाली, "नको, ताई. पाठ करा."